तेरड्याचा बांध

आमच्याकडे धाकट्या भावजयीने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत होती. जे सांगायचं ते एखाद्या पोराच्या तोंडून. काका ओट्यावर, आई दाराआड आणि मध्ये मी. "तुझ्या आयशीला सांग, पेंढा भिजतोय." मी दाराकडे तोंड करून तेच पुन्हा सांगायची, जणू आईला ऐकूच आलं नव्हतं. आई आतून म्हणायची, "काकांना सांग, आता काढते." मी पुन्हा ओट्याकडे. दिवसभर नुसती मान दुखायची! पण त्या मानेच्या जोरावर घरातलं सगळं मला कळायचं. आमचं भाताचं खाचर जाणार की राहणार, हा वाद तर अख्खा माझ्याच तोंडून झाला.

आमचं गाव मुरुड आणि आगरदांड्याच्या मधलं, खाडीकाठचं. नवाबी जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. खाडी अडवून काढलेल्या जमिनीला आम्ही खार म्हणतो. मातीचा लांबच लांब बांध, त्याच्या आत भात आणि बाहेर खारं पाणी. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराला लावून दिलेला. ज्याचा तुकडा त्याने राखायचा, कारण एकाचा फुटला की पाणी सगळ्यांच्या भातात शिरतं. एकदा खारं पाणी मुरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे ती जमीन भाताचं नाव काढत नाही.

वडील तापाने गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, पाठची बहीण पाच. घरात बाप्या माणूस उरला नाही. गावकी बसली आणि ठरलं की बांधाला पुरुषाचा हात लागतो, तेव्हा खाचर आणि बांधाचा तुकडा काकांकडे द्यावा, काका आम्हाला खायला घालतील. काका वाईट नव्हते हो. त्यांनी आम्हाला खरंच खायला घातलं असतं. पण आईला दुसऱ्याच्या कणगीतलं भात नको होतं. तिने दाराआडून मला सांगितलं आणि मी भर गावकीत, छाती पुढे काढून, मोठ्याने म्हणाले, "आई म्हणते, एक वरीस द्या. बांध ढळला तर खाचर तुमचं!"

म्हातारे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि आईला ते वर्ष मिळालं.

त्या उन्हाळ्यात आईने बांधावर जी माती ओढली, ती आठवली की अजून माझे हात भरून येतात. बांधाला खरी लागते ती खाडीतली काळी चिकण माती. पण ती ओहोटीला चिखलात उतरून कापावी लागते, होडीत भरून आणावी लागते आणि हातोहात वर द्यावी लागते. त्याला माणसं लागतात. आईजवळ माणसं म्हणजे मी आणि ती पाच वर्षांची. मग आईने आपल्या डोक्याने मार्ग काढला. माळावरची तांबडी माती टोपलीने वाहिली, बांधावर रचली, धोपटण्याने बडवली. आमचा तुकडा सगळ्यांपेक्षा उंच झाला, रंगाने उठून दिसायला लागला. येणारे-जाणारे बघत राहायचे. आई तर दिवसातून एकदा उगाचच तिथून चक्कर मारून यायची.

पाऊस पडला आणि गंमतच झाली. माळाच्या मातीबरोबर माळाचं बी आलं होतं. आमच्या बांधाच्या आतल्या अंगाला तेरडा उगवला, असा दाट की माती दिसेना! श्रावण सरता सरता बांध गुलाबी झाला. आमच्या वाडीत गौर तेरड्याची बसते, तीही मुळासकट. तोडलेली गौर चालत नाही. दर वर्षी बायकांना तेरड्यासाठी पावसात डोंगर चढावा लागायचा. त्या वर्षी गौर आमच्या बांधावर चालत आली होती. सगळी वाडी आमच्याकडे लोटली. माहेरपणाला आलेल्या लेकी, नव्या सुना, म्हाताऱ्या, सगळ्या हसत-खिदळत तेरडा उपटत होत्या आणि आई विधवा म्हणून लांब उभी राहून, "तिकडचा घ्या गो, तिकडं चांगला आलाय," असं सांगत होती. सणासुदीला तिला कोणी काही विचारलं, असं वडील गेल्यापासून पहिल्यांदाच घडलं होतं. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मीही दोन्ही हातांनी तेरडा उपटून वाटत सुटले.

गौरी गेल्या, गणपती गेले. मुंबईहून आलेले पुरुष कोणी एस.टी.नं, कोणी होडीनं, मिळेल त्या वाटेने गिरण्यांत आणि गोदीत परत गेले. गावात उरल्या बायका, पोरं, म्हातारे, आणि पौर्णिमेचं उधाण.

पौर्णिमेच्या सकाळी उजाडता उजाडता आई मला घेऊन बांधावर गेली. रात्रीची भरती ओसरली होती. आमच्या तांबड्या तुकड्याचा मधला भाग खाली बसला होता आणि तिथे हे एवढं भगदाड! अशा फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. दोन माणसं आडवी निजली असती त्यात. रात्री आलेलं थोडं खारं पाणी खाचराच्या कडेला साचलं होतं. तेरडा मुळासकट उपटलेल्या जागी मातीत भोकं पडली होती, त्यातून पाणी शिरलं आणि तांबडी माती विरघळून गेली, हे मलासुद्धा कळलं.  आईने भगदाडाच्या काठावरची माती मुठीत घेतली, दाबली, आणि ती बोटांतून ओघळून गेली. मग तिने तोंडाला हात लावून अशी कूक दिली की पलीकडच्या खाडीतल्या तिवरांच्या झाडीतले बगळे उडाले.

म्हातारे आले, काकाही आले. बघितलं, विचार केला आणि ठरवलं. दुपारची भरती याहून मोठी येणार. भगदाड बुजवायला आहेत त्या माणसांनी जमणार नाही. आमच्या खाचरामागे एक आतला छोटा बांध होता, तो उंच करायचा. आमचं खाचर पाण्यात जाईल, पण बाकीची खार वाचेल. काकांनी माझ्याकडे बघितलं. 

"तुझ्या आयशीला सांग, तिचा दोष न्हाय. पण सगल्या गावाचं भात हाय."

मी आईकडे वळलेच नाही. माझं असं डोकं फिरलं होतं! भात पोटरीला आलं होतं, अजून महिनाभरात लोंब्या वाकल्या असत्या, आणि हे म्हातारे त्याला खाऱ्या पाण्यात सोडून देणार! मी तिथून जी पळत सुटले ती थेट सुईण आजीच्या दारात.

सुईण आजी म्हणजे वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई. माझी नाळ तिने कापलेली, आईच्या सगळ्या जावांची बाळंतपणं तिने केलेली, काकासुद्धा तिच्याच हातचे. ती तांदूळ पाखडत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि अंगणात येऊन अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"अगो ए बायांनो! गौरीचा तेरडा कोनी उपटला? आपुनच ना? मंग खांड भराया कोन जानार, मुंबयवाले?"

दारादारांतून बायका बाहेर आल्या. कोणाचा हात पिठाचा, कोणाच्या काखेत पोर. एका माहेरवाशिणीचं गाठोडं बांधून तयार होतं, ती त्याच दुपारी सासरी निघायची होती. ती म्हणाली, "पन आजी, म्हातारे आतला बांध भरतायत ना? तिकडं हात न्हाय लावले आन् खांडबी न्हाय भरली तं आपलं समद्यांचं भात जाईल." ती काही चुकीचं बोलत नव्हती. 

"जाईल," सुईण आजी म्हणाली. "न्हाय भरली तं जाईल. म्हनून तं भराची. तिनं एकटीनं माती व्हायली तवा आपुन काय करत होतो? बगत होतो. चला!"

आणि चालल्या! काय तो तांडा निघाला, अजून डोळ्यांसमोर आहे. काष्टे वर खोचलेले, डोक्यावर घमेली, टोपल्या, गोणपाटं, शाकारायला ठेवलेल्या पेंढ्याचे भारे. त्या सासरी निघालेल्या लेकीने गाठोडं ओट्यावर टाकलं आणि स्वतःच्या आईच्या हातून कोयता ओढून घेतला. वाटेत आमची नेहमीची कोळीण भेटली, मुरुडच्या अंगाने मासळी विकायला येणारी. "कुठं गो निंगाल्या समद्या?" मी सांगितलं. तिने पाटीभर मांदेली तिथेच एका घराच्या पडवीत रिकामी केली. "म्हावरं ऱ्हाऊंदे, पाटी कामाला येल," म्हणून आमच्या पुढे चालायला लागली. तिचं खारीत वीतभर भात नव्हतं.

बांधावर पोहोचलो तेव्हा आई एकटीच भगदाडात कमरेएवढ्या चिखलात उभी राहून हातांनी माती लोटत होती. पलीकडे म्हातारे आणि काका आतल्या बांधावर फावडी मारत होते. आईने वर बघितलं, इतक्या बायका बघितल्या आणि तिचा हात तसाच थांबला. काका तिकडून ओरडले, "हिकडं या! हिकडं माती टाका!" एक बाई हलली नाही. सुईण आजी भगदाडाच्या काठावर फतकल मारून बसली आणि तिथून हुकूम सोडायला लागली.

तिवराच्या फांद्या तोडून खुंट ठोकले, खुंटांमध्ये पेंढा भरला. बायकांची रांग ओहोटीच्या चिखलात उतरली आणि काळ्या मातीच्या ढेपा हातोहात वर यायला लागल्या. मी रांगेत होते, माझ्या एका बाजूला ती कोळीण आणि दुसऱ्या बाजूला एक पोटुशी सून, जिला सगळ्या घरी जा म्हणत होत्या आणि जी सगळ्यांना तू जा म्हणत होती. ढेप आली की घ्यायची, दिली की दुसरी. चिखल डोळ्यांत, तोंडात. आम्ही हसत होतो! का हसत होतो ते सांगता येणार नाही, पण मी आयुष्यात तेवढी कधी हसले नाही.

पण मधोमध माती टिकेना. टाकावी आणि खालून ओघळून जावी. खाडीचं पाणी तोवर परत फिरलं होतं, खुंटांच्या मुळाशी चुळूक चुळूक करायला लागलं होतं. तेव्हा आई चिखलातून वर आली, घराकडे पळाली आणि आली ती आमची कणगी गडगडत घेऊन. भात साठवायची बांबूची मोठी कणगी. नवं भात भरायचं म्हणून तिने आठ दिवसांपूर्वीच शेणाने सारवून वाळवली होती.

काकांनी ते बघितलं आणि फावडं टाकून धावत आले. कणगी म्हणजे घरची लक्ष्मी, ती चिखलात! ते मला म्हणाले, "तुझ्या आयशीला सांग, येडी झाली काय! कनगी घालतात काय खांडीत?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच आई वळली. डोक्यावरचा पदर कधीच खाली आला होता, तोंडाला चिखल, आणि ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"भातच न्हाय आलं तं ती रिकामी कनगी काय चाटू भावोजी? धरा हिकडून!"

काकांच्या आणि माझ्या दोघांच्याही तोंडाचा आ झाला. आणि काकांनी धरली! त्या दोघांनी मिळून कणगी भगदाडाच्या मधोमध उभी केली आणि बायकांनी तिच्यात चिखल ओतायला सुरुवात केली. कणगी भरली आणि जागची हलेना. तिच्या दोन्ही बाजूंनी माती धरायला लागली. काकांनी आतल्या बांधाकडे बघितलं, हातानेच म्हाताऱ्यांना बोलावलं आणि स्वतः माती कापायला खाली उतरले. त्या घडीला अख्ख्या गावाचं भात त्या एका भगदाडावर लागलं होतं.

ओली माती नुसती टाकून भागत नाही, तुडवावी लागते. नाहीतर भरती ती चाटून नेते. सुईण आजी म्हणाली, "फेर धरा."

सगळ्या थबकल्या. फेर गौरीचा. गौर गेली की तिची गाणी पुढल्या वर्षापर्यंत कोणी तोंडात आणत नाही, ते अशुभ मानतात. एकीने तसं म्हटलंही.

"गौर गेली तं काय पाय संगती घेऊन गेली?" आजी खेकसली. "गा गो!"

आणि धरला की हो फेर! भर दुपारी, उन्हा-पावसात, त्या ओल्या बांधावर, एकमेकींच्या कमरेत हात घालून. एकीने ओळ उचलली, दुसऱ्या बाजूने झेलली, आणि पाय पडायला लागले. धप, धप, धप. माती खाली बसायची, वरून नवी घमेली यायची, पुन्हा फेर. म्हाताऱ्यांना पहिल्यांदा कुठे बघावं ते कळेना, मग तेही टाळ्या वाजवायला लागले. पोटुशी सून बाजूला बसून सगळ्यांच्या वर आवाज काढत होती. माझी आई मात्र फावडं घेऊन कडेला उभी होती, गौरीचा तेरडा उपटताना उभी होती तशी. आजीने ते बघितलं. उठली, आईच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून फेरात ढकललं.

"माती तुडवाया कुंकू लागत न्हाय," ती म्हणाली.

आई नाचली. पहिले दोन फेर ती नुसती ओढली जात होती, नंतर तिचे पाय आपोआप पडायला लागले, आणि मग ती गायला लागली. तिचा आवाज किती चांगला होता! मला माहीतच नव्हतं. मी आणि बहीण एकमेकींचे हात धरून तिच्याकडे बघत राहिलो आणि मला रडू आलं, आनंदाने आलं.

भरती चढली. खाडी फुगली, बांधाच्या कडेशी आली, वर आली. कुठे कुठे पाणी पाझरलं, तिथे बायकांनी टाचा दाबल्या आणि वर पेंढा कोंबला. पाणी बांधाच्या माथ्यापासून वितीवर येऊन थांबलं.  पाण्यावर फेसाचा एक पट्टा तरंगत होता, सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. तो बराच वेळ जागच्या जागी डुलला आणि मग हळूच समुद्राच्या दिशेने सरकला. ओहोटी! मग जो आरडाओरडा झाला तो पलीकडच्या काठाला ऐकू गेला असेल. पडवीतली मांदेली सगळ्यांनी मिळून भाजून खाल्ली आणि कोळणीने कोणाला काही देऊ दिलं नाही.

पुढे माझं लग्न श्रीवर्धनला झालं. गौरीला माहेरी आले की मी कधी गौर गेल्यावर लगेच परत गेले नाही. आमच्या गावच्या कुठल्याच लेकी जात नाहीत. पौर्णिमेचं उधाण पार पाडूनच निघायचं, असा त्या वर्षापासून रिवाज पडला. सासरची माणसं कुरकुरत, आम्ही सरळ सांगायचो, आमचा बांध आहे. माझ्या लेकीनेही चार वर्षांची असताना त्या चिखलात पहिली ढेप उचलली, आणि लगेच स्वतःच्या पायावर पाडली.

पण त्या दिवसाची संध्याकाळ राहिलीच. काका आमच्या ओट्यावर आले. या वेळी त्यांनी मला मध्ये घेतलं नाही. दाराकडे बघून म्हणाले, "खाचर तुझंच. गावकीत मी बोलीन." आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बोला. आन् चैतात तुमची होडी लागंल. खाडीची माती आनाची हाय." काकांनी मान खाली घातली ती हसू लपवायला, हे मला दिसलं.

ते गेले आणि आईने कंदील पुसायला घेतला. मध्यरात्री पुन्हा भरती होती. वडील गेल्यापासून प्रत्येक पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या रात्री ती एकटीच बांधावर जाऊन बसायची, पहाटेपर्यंत. ज्याचा तुकडा त्याने राखायचा. आम्ही दोघी हट्टाने तिच्या मागे गेलो. आभाळ भरलं होतं, चंद्र दिसत नव्हता, अंधार पडत होता. आमच्या तुकड्यावर चार बायका आधीच बसलेल्या होत्या, गोणपाटं पांघरून, पानाचा डबा मध्ये ठेवून. त्यांत ती सासरी निघालेली लेक होती आणि सुईण आजीही होती.

आई म्हणाली, "तुमी कशाला? माझा तुकडा हाय."

आजीने कंदील आईच्या हातातून घेतला आणि आपल्या बाजूला ठेवला. "आज आमी हाव," ती म्हणाली. "तू जा, नीज."

आई तिथेच उभी राहिली.  मग ती आम्हाला घेऊन अंधारातून घरी आली, हातपायसुद्धा न धुता भिंतीला टेकली आणि मी चुलीवर घातलेला भात शिजायच्या आत झोपून गेली. भरती आली कधी आणि गेली कधी, ते आम्ही सकाळी आजीला विचारून आलो आणि तिला सांगितलं.